एर्ताई: एका दुय्यम मांत्रिकाला वाचायचं कसं आणि खेळवायचं कसं

मॅजिक: द गॅदरिंग या कार्डांच्या खेळाच्या कथेवर बोलायला बसलं की गप्पा उर्झा, जेस, लिलियाना, निकोल बोलास यांच्याभोवतीच फिरत राहतात. त्यांच्यावर लिहिणाऱ्यांची कमी नाही. इथे घेतलाय तो एर्ताई. वेदरलाइट नावाच्या उडत्या जहाजावरचा एक पोरसवदा मांत्रिक, अतिशय हुशार आणि तेवढाच शिष्ट. मुख्य कथेत त्याच्या वाट्याला फार पानं आलेली नाहीत. पण १९९८, २००१ आणि २०२२ अशा तीन वेळा नेहमीच्या डेकमध्ये (खेळायच्या कार्डांच्या जुडीत) चालणारं त्याचं स्वतःचं कार्ड निघालं, आणि तिन्ही वेळा त्याचं काम एकच: समोरच्याचा मंत्र हवेतच मोडून टाकणं.

हा खेळ मुळात दोन मांत्रिकांचं द्वंद्व आहे. रिचर्ड गारफिल्डने १९९३ साली तो आणला तेव्हापासून कल्पना हीच की खेळणारा स्वतः जादूगार, हातातली कार्डं म्हणजे त्याचे मंत्र, आणि समोर मांडलेल्या जमिनींतून मिळणारा माना म्हणजे मंत्र टाकायची ताकद. त्यात ‘काउंटर’ करणारी कार्डं म्हणजे द्वंद्वातला शुद्ध बचाव. समोरच्याने मंत्र टाकला, तो लागू व्हायच्या आत तुम्ही तो रद्द केलात. एर्ताई हा या बचावाचा चालताबोलता पुतळा आहे.

दुय्यम पात्राला वाचायची माझी पद्धत अशी: त्याची कथा शोधण्याआधी त्याच्या कार्डाचे नियम वाचायचे. मुख्य पात्रांना कादंबऱ्या मिळतात, दुय्यम पात्रांना नियमांच्या चार ओळी मिळतात. मग त्या चार ओळींत लेखकांनी आणि डिझायनरांनी जे कोंबलेलं असतं तेच त्याचं चरित्र. एर्ताईच्या बाबतीत तिन्ही कार्डांना एकच प्रश्न विचारायचा: मंत्र मोडायची किंमत कोण देतं? हा धागा धरला की त्याची पडझड आपोआप उलगडते. शिवाय त्याच धाग्यावर डेकही बांधता येतो.

पहिली पायरी: त्याची सगळी कार्डं गोळा करा

स्क्रायफॉल ही कार्डं शोधायची मोफत साइट. तिथल्या प्रगत शोधात कार्डाचं नाव, नियमांचा मजकूर आणि फ्लेव्हर टेक्स्ट असे वेगवेगळे रकाने आहेत. नावाच्या रकान्यात ‘एर्ताई’ (इंग्रजीत Ertai) टाकून बरेच जण थांबतात. तेवढ्यावर थांबू नका. तेच नाव फ्लेव्हर टेक्स्टच्या रकान्यातही टाका. फ्लेव्हर टेक्स्ट म्हणजे कार्डाच्या तळाशी तिरप्या अक्षरात छापलेली ओळ. खेळावर तिचा काही परिणाम होत नाही, पण दुय्यम पात्रं जास्त करून तिथेच बोलतात. टेम्पेस्ट संचातल्या काउंटरस्पेल या कार्डावर एर्ताईच्या नावे एक ओळ आहे, साधारण या अर्थाची: मोडला तो मंत्र बहुधा मुळातच टुकार असणार. हा पोरगा कसा आहे हे तेवढ्या एका ओळीत कळतं.

आता नावाने सापडलेली कार्डं प्रकाशनाच्या क्रमाने लावा. अक्षरक्रमाने लावलीत तर काही हाती लागणार नाही.

सगळ्यात आधी येतं ‘एर्ताईज फॅमिलियर’, जून १९९७च्या वेदरलाइट संचातलं. म्हणजे मालकाच्या आधी त्याच्या पाळीव प्राण्याचं कार्ड आलं. हा प्राणी दोन मानाचा २/२ (पहिला आकडा मारायची ताकद, दुसरा सोसायची), आणि त्याला ‘फेजिंग’ आहे: एक आड एक पाळीला तो मैदानातून गायब होतो नि परत येतो. गायब होताना मालकाच्या डेकची वरची तीन कार्डं ग्रेव्हयार्डमध्ये, म्हणजे वापरून झालेल्या कार्डांच्या ढिगात, जातात. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये टेम्पेस्ट आला आणि त्यात ‘एर्ताईज मेडलिंग’. मग जून १९९८च्या एक्सोडसमध्ये खुद्द एर्ताई, नावापुढे ‘विझर्ड अॅडेप्ट’ अशी बिरुदावली लावून. २००१च्या प्लेनशिफ्टमध्ये ‘एर्ताई, द करप्टेड’ आणि त्याच्यासोबत ‘एर्ताईज ट्रिकरी’. त्यानंतर एकवीस वर्षांची शांतता, आणि सप्टेंबर २०२२च्या डॉमिनेरिया युनायटेडमध्ये ‘एर्ताई रिझरेक्टेड’ आणि ‘एर्ताईज स्कॉर्न’.

दुसरी पायरी: छापील कार्डावर भरवसा ठेवू नका

जुनं कार्ड हातात घेतलंत तर त्यावर छापलेलं वाचून तुमचा गोंधळ उडेल. एक्सोडसच्या एर्ताईवर प्रकाराच्या जागी ‘समन लेजंड’ एवढंच आहे. मांत्रिक असल्याचा उल्लेख फक्त नावात. आजच्या नियमांनुसार मात्र तो ‘ह्यूमन विझर्ड’ आहे, आणि हा फरक डेक बांधताना फार मोलाचा ठरतो, कारण विझर्डांना मदत करणारी बरीच कार्डं आहेत. अधिकृत, ताजा मजकूर म्हणजे ‘ओरॅकल’ मजकूर. तो गॅदरर या अधिकृत साइटवर किंवा स्क्रायफॉलवर पाहायचा आणि तोच खरा मानायचा.

त्या काळी काउंटर करणाऱ्या मंत्रांचा प्रकारही वेगळा होता, त्यांना ‘इंटरप्ट’ म्हणत. १९९९मध्ये सहाव्या आवृत्तीबरोबर नियम बदलले, ‘स्टॅक’ आला आणि इंटरप्ट इतिहासजमा झाले. आज मंत्र आणि बहुतेक क्षमता एकावर एक रचल्या जातात आणि वरून खाली सोडवल्या जातात. शेवटी टाकलेलं आधी लागू होतं. काउंटर चालतो तो याच नियमावर.

कार्ड विकत घेताना ओळख पटवायची असेल तर एक्सोडस सोपा आहे. दुर्मिळतेनुसार संचाच्या चिन्हाला रंग द्यायला आणि कार्डांवर क्रमांक छापायला सुरुवात याच संचापासून झाली. एर्ताई ‘रेअर’ आहे, म्हणजे चिन्ह सोनेरी दिसायला हवं. प्लेनशिफ्टच्या एर्ताईचं दुसऱ्या चित्राचं एक चकचकीत रूपही आहे. ते जास्त भाव खातं, पण नियम तेच. खेळायला साधं पुरेसं.

तिसरी पायरी: किंमत कोण देतं ते पाहा

एक्सोडसचा एर्ताई तीन मानाचा, १/१. त्याची क्षमता: चार माना भरा, त्यापैकी दोन निळे, एर्ताईला टॅप करा (वापरलं हे दाखवायला कार्ड आडवं करा), आणि कुठलाही एक मंत्र काउंटर करा. आता हिशेब मांडा. साधं काउंटरस्पेल दोन निळ्या मानात हेच काम करतं. एर्ताई दुप्पट मागतो. तिसऱ्या पाळीला तो टाकलात तरी तुमची पुढची पाळी सुरू होईपर्यंत त्याला टॅप करता येत नाही. चौथ्या पाळीला तुमच्या चारही जमिनी त्याच्यासाठी राखून ठेवायच्या, म्हणजे बाकी काही करायचं नाही. आणि एवढा नखरा करून अंगात ताकद किती, तर १/१. दोन दुखापतींचा कुठलाही किरकोळ मंत्र त्याला संपवतो.

मग लोक त्याला खेळायचे का? कारण तो दर पाळीला हे करतो. काउंटरस्पेल एकदा वापरलं की गेलं, एर्ताई टेबलावर बसून राहतो. शिवाय ही कार्डाची क्षमता आहे, मंत्र नाही, त्यामुळे समोरच्याच्या हातातलं साधं काउंटरस्पेल त्याला अडवू शकत नाही. एकदा तो मैदानात आला नि तुमच्याकडे चार माना मोकळे असले की समोरच्याला प्रत्येक मंत्र टाकताना त्याच्याकडे बघावं लागतं. हुशार, महागडा, नाजूक आणि सतत लुडबुड करणारा. किंमत मात्र तो स्वतः भरतो: तुमचा माना, त्याची मेहनत. टोलेरिया बेटावरच्या जादूच्या अकादमीतला, गुरू बॅरिनचा हा लाडका विद्यार्थी अजून सरळ आहे.

टेम्पेस्टमधल्या ‘मेडलिंग’मध्ये त्याचा एक वेगळा पैलू आहे. ते कार्ड मंत्र मोडत नाही, पुढे ढकलतं. तुम्ही जितका जास्त माना भराल तितक्या पाळ्या समोरच्याचा मंत्र लांबतो, आणि शेवटी तो येतोच. खेळात ते फारसं उपयोगी नाही, पण पात्र म्हणून अगदी नेमकं आहे. दुसऱ्याच्या कामात हात घालायचा, निकाल मात्र आपण लावायचा नाही.

आता प्लेनशिफ्टचा एर्ताई. पाच मानाचा ३/४, निळ्याला पांढरा आणि काळा रंग जोडलेला. क्षमता वापरायला एर्ताईला टॅप करायचं आणि फक्त एक निळा माना भरायचा. पण सोबत आपल्याच एका प्राण्याचा किंवा एन्चँटमेंटचा (मैदानात टिकून राहणाऱ्या मंत्राचा) बळी द्यायचा. मंत्र मोडणं स्वस्त झालं आणि बिल दुसऱ्याच्या नावावर गेलं. नियम बारकाईने वाचलेत तर लक्षात येईल की त्याला स्वतःचाही बळी देता येतो, कारण तोही एक प्राणीच आहे. माझ्या मते मॅजिकमध्ये एवढ्या कमी शब्दांत एवढी अधोगती दुसऱ्या फार थोड्या कार्डांनी सांगितली असेल.

इथे बॅरिनचं कार्ड शेजारी ठेवून पाहा. उर्झाज सागा संचातला ‘बॅरिन, मास्टर विझर्ड’ हाही तीन मानाचा १/१ निळा मांत्रिक आहे. दोन माना आणि मैदानातल्या आपल्या कुठल्याही एका कार्डाचा त्याग, मग कुठलाही प्राणी मालकाच्या हातात परत. गुरूही त्याग मागतो, पण मोबदल्यात कोणी मरत नाही. कथेतही बॅरिनने टोलेरियावर शेवटी स्वतःसकट सगळं बेटच उद्ध्वस्त केलं, बायको आणि मुलगी गमावल्यानंतर. त्याने दिलेली किंमत त्याची स्वतःची होती. शिष्याने ती इतरांवर ढकलली. दोन्ही कार्डं एकाच डेकमध्ये ठेवली की हा फरक खेळताना अंगावर येतो.

तिसरा एर्ताई चार मानाचा, निळा-काळा, ३/२, आणि त्याला ‘फ्लॅश’ आहे, म्हणजे समोरच्याच्या पाळीतही तो टाकता येतो. मैदानात येताच जास्तीत जास्त एक पर्याय निवडायचा: एखादा मंत्र किंवा एखादी क्षमता काउंटर करायची, नाहीतर दुसऱ्या एखाद्या प्राण्याला किंवा प्लेन्सवॉकरला (जगांमध्ये फिरणाऱ्या शक्तिमान मांत्रिकाला) नष्ट करायचं. दोन्ही बाबतीत ज्याचं नुकसान झालं त्याला एक कार्ड उचलायला मिळतं. मरून उठलेल्या एर्ताईला मंत्रासोबत आता थेट माणसंही मारता येतात. आणि किंमत? ती आता समोरच्याच्या हातात कार्डाच्या रूपाने जाते. पहिल्या एर्ताईची शिष्ट हुशारी आणि दुसऱ्याची क्रूरता, दोन्ही आहेत, पण काम भाड्याने घेतल्यासारखं, हिशेब चुकता करून निघून जाणारं.

चौथी पायरी: आता कथा जोडा

इथे फार वेळ घालवायची गरज नाही, कारण बराच भाग कार्डांनी सांगून झालाय. वेदरलाइटची कप्तान सिसे हिला व्होल्राथ या खलनायकाने पळवून राथ नावाच्या जगात नेलं. तिला सोडवायला तिचा साथीदार जेरार्ड निघाला. त्याला बॅरिनची मदत हवी होती, पण बॅरिनऐवजी बरोबर आला एर्ताई. राथमधून परत यायचं द्वार उघडायचं काम त्याच्याकडे होतं. त्याने ते उघडलं, जहाज निसटलं, आणि एर्ताई मागे राहिला. जहाज निसटतं तो भाग एक्सोडसमध्ये येतो, आणि एर्ताईचं पहिलं कार्डही त्याच संचात आहे. म्हणजे ज्या क्षणी तो खेळाडूंच्या हातात आला, त्याच क्षणी कथेने त्याला सोडून दिलं.

पुढे राथमधल्या स्ट्राँगहोल्ड या किल्ल्यात कैद, फायरेक्सियनांनी (देह आणि यंत्र एक करणाऱ्या शत्रूंनी) त्याच्या शरीरात केलेले बदल, आणि शेवटी क्रोव्हॅक्सची चाकरी. क्रोव्हॅक्सही एकेकाळी त्याच जहाजावरचा सहकारी. हा भाग वाचायचा असेल तर नेमेसिस संचापासून सुरुवात करा. २०२२च्या कथेत फायरेक्सियनांनीच त्याला पुन्हा उठवलं.

पाचवी पायरी: कुठला एर्ताई, कुठला डेक

कमांडर हा प्रकार इथे सगळ्यात सोयीचा. १०० कार्डं, प्रत्येक कार्ड एकच (मूळ जमिनी सोडून), ४० आयुष्य, आणि ‘कमांडर’ म्हणून एक प्रमुख पात्र सतत हाताशी. पहिली अडचण रंगांची येते. कमांडरच्या रंगांबाहेरचं कार्ड डेकमध्ये चालत नाही. तिसरा एर्ताई कमांडर केलात तर डेक निळा-काळा होतो आणि प्लेनशिफ्टचा तीन रंगी एर्ताई बाहेर राहतो. नवख्याने तरीही तिसऱ्यापासूनच सुरुवात करावी. तो स्वस्तात मिळतो, अरेना या मॅजिकच्या डिजिटल आवृत्तीतही आहे, आणि फ्लॅशमुळे शिकायला मजा येते.

९९ कार्डांची माझी ढोबळ विभागणी: जमिनी ३७, माना देणाऱ्या वस्तू ९, कार्ड उचलणारे मंत्र ११, काउंटर १०, नष्ट करणारे मंत्र ७, एर्ताईला परत आणणारी कार्डं ८, मांत्रिक १२, आणि खेळ संपवणारी ५. जमिनींबद्दल एवढंच सांगतो की चौथ्या पाळीला निळा आणि काळा दोन्ही हमखास हवेत. बाकी तुमच्या खिशाप्रमाणे.

या डेकचं खरं इंजिन म्हणजे ती आठ कार्डं. एर्ताई एकदा येऊन बसला की नुसता ३/२ आहे. त्याला पुन्हा पुन्हा मैदानात ‘यायला’ लावायचं. ऑन्स्लॉट संचातली ‘रिप्टाइड लॅबोरेटरी’ ही जमीन या डेकचं काळीज आहे. दोन माना भरून आणि ती जमीन टॅप करून तुमचा एखादा मांत्रिक हातात परत घेता येतो. मग चार मानात तो पुन्हा टाका. एकूण सात जमिनींमध्ये दर फेरीला एक काउंटर. हातातून टाकल्यामुळे कमांडरचा वाढीव भुर्दंडही लागत नाही, तो फक्त कमांड झोनमधून, म्हणजे कमांडरसाठी राखलेल्या जागेतून, टाकताना लागतो. तेच काम करणारं ‘इरॅटिक पोर्टल’ तर एक्सोडसमधलंच आहे. ज्याला द्वाराने मागे ठेवलं त्याला द्वारानेच ये-जा करायला लावायचं, ही गंमत मला सोडवत नाही.

डॉमिनेरियातला ‘नाबान, डीन ऑफ इटरेशन’ घ्याच. दोन मानाचा हा मांत्रिक मैदानात असला की तुमच्या कुठल्याही विझर्डच्या येण्याने घडणारी तुमची क्षमता आणखी एकदा घडते. म्हणजे एर्ताई एकाच वेळी मंत्रही मोडेल आणि प्राणीही मारेल, दोन्हीसाठी पर्याय वेगवेगळा निवडता येतो. ‘पॅनहार्मोनिकॉन’ हेच करतं, फक्त चार मानाला.

एका मानाचे काळे मंत्रही ठेवा: ‘फेन डेथ’, ‘अनडाइंग मॅलिस’. एर्ताईवर कोणी मारा केला की उत्तरादाखल यातलं एक टाकायचं. तो मरतो, लगेच परततो आणि येताना त्याची क्षमता पुन्हा घडते. इथे एक खबरदारी: तो मेल्यावर सवयीने उचलून कमांड झोनमध्ये ठेवू नका. ग्रेव्हयार्डमध्येच राहू द्या, नाहीतर परत आणणाऱ्या मंत्राला तो सापडणार नाही.

समोरच्याला मिळणाऱ्या त्या एका कार्डाचं काय करायचं हा पुढचा प्रश्न. ‘नोशन थीफ’ हे उत्तर. चार मानाचा, फ्लॅश असलेला. प्रतिस्पर्धी आपल्या ड्रॉ स्टेपमधल्या (पाळीच्या सुरुवातीला कार्ड उचलायच्या टप्प्यातल्या) पहिल्या कार्डाखेरीज जे काही उचलेल ते तुमच्याकडे येतं. तो बसलेला असला की एर्ताईची किंमत फिरून तुम्हालाच मिळते. ‘नारसेट, पार्टर ऑफ व्हेल्स’ कार्ड चोरत नाही, पण एका पाळीत एकाहून जास्त उचलू देत नाही. आणि खिसा परवानगी देत असेल तर ‘शिओल्ड्रेड, द अपॉकॅलिप्स’. प्रतिस्पर्ध्याने उचललेल्या प्रत्येक कार्डामागे त्याचं दोन आयुष्य जातं. तीही एर्ताईसारखीच फायरेक्सियन आणि त्याच संचातली, त्यामुळे कथेच्या अंगानेही ती शोभते. तिच्यावाचूनही डेक नीट चालतो.

बारा मांत्रिकांत ‘स्नॅपकास्टर मेज’, ‘आर्किओमॅन्सर’, ‘अझामी’ ठेवा, आणि ‘व्हॉइडमेज प्रॉडिजी’ नक्की. मांत्रिकाचा बळी देऊन मंत्र मोडणारा हा प्राणी काई बुडे या जर्मन खेळाडूच्या चेहऱ्यावरून काढलेला आहे. खेळ संपवायला ‘टॅलरँड’ पुरतो: तुम्ही प्रत्येक इन्स्टंट किंवा सॉर्सरी (एकदाच लागू होऊन संपणारा मंत्र) टाकलात की उडणारा २/२ ड्रेक मिळतो, आणि या डेकमध्ये असे मंत्र काही कमी नाहीत.

‘घोस्टली फ्लिकर’बद्दल आधीच सावध करतो. एर्ताई आणि आर्किओमॅन्सर दोघेही मैदानात असतील तर हा तीन मानाचा मंत्र दोघांना घालवून परत आणतो. एर्ताई समोरच्याचा मंत्र मोडतो, आर्किओमॅन्सर फ्लिकर हातात परत देतो. म्हणजे दर तीन मानाला एक काउंटर, न संपणारे. जिंकाल, पण पुढच्या आठवड्यात तुमच्याशी खेळायला कोण बसेल ते आधी विचारून घ्या.

सहावी पायरी: टेबलावर

तुमचा एर्ताई कमांड झोनमध्ये सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. चार माना मोकळे ठेवलेत की टेबलावरच्या प्रत्येकाला कळतं. त्यामुळे लपवाछपवीचा आव आणू नका. उलट दबाव वापरा: चार माना मोकळे दिसले की लोक आधी एखादा फालतू मंत्र टाकून तुम्हाला खर्चात पाडायला बघतील. तो जाऊ द्या. जमीन शोधणारे, माना वाढवणारे मंत्र सोडून द्यायचे. मोडायचं ते सगळं मैदान साफ करणारं, किंवा ज्यावर त्याचा डेक उभा आहे ते.

वेळेचा क्रम नीट समजून घ्या. समोरच्याने मंत्र टाकला. उत्तरादाखल तुम्ही एर्ताई टाकलात. आधी एर्ताई स्वतः मैदानात येतो, मग त्याची क्षमता स्टॅकवर चढते, तेव्हा तुम्ही लक्ष्य सांगता. याचा अर्थ असा की एर्ताई येण्याआधीच कोणी त्यालाच काउंटर केलं तर क्षमता घडतच नाही. पण तो एकदा आला आणि क्षमता स्टॅकवर गेली, की त्यानंतर त्याला मारून काही उपयोग नाही, क्षमता पार पडतेच.

‘काउंटर करता येत नाही’ असं लिहिलेल्या मंत्रावर त्याला खर्ची घालू नका. लक्ष्य म्हणून तो मंत्र चालतो, पण मोडत नाही, आणि समोरच्याला कार्ड मात्र मिळतं. माना देणाऱ्या क्षमता स्टॅकवर जातच नाहीत, त्यामुळे त्याही त्याच्या आवाक्याबाहेर.

एक खास डाव सांगतो. ‘पॅक्ट ऑफ निगेशन’ शून्य मानात मंत्र मोडतं, पण तुमच्या पुढच्या अपकीपला (पाळीच्या सुरुवातीच्या टप्प्याला) पाच माना भरले नाहीत तर तुम्ही हरता. तो अपकीपचा वसूलदार म्हणजे एक क्षमताच. एर्ताई चार मानात ती मोडतो, आणि ती तुमची स्वतःचीच असल्यामुळे कार्डही तुम्हालाच मिळतं. पाच माना वाया घालवण्याऐवजी चार मानात एक ३/२ आणि एक कार्ड. स्वतःच्याच मंत्रांकडे लक्ष्य म्हणून बघायची ही सवय लावून घेतलीत की या कार्डातून दुप्पट निघतं.

चौघांच्या टेबलावर आणखी एक हिशेब आहे. एर्ताईने एकाचा मंत्र मोडला की त्याला कार्ड मिळतं, तुमचे चार माना जातात, आणि बाकीचे दोघे फुकटात सुटतात. म्हणून फक्त तुमच्यावर येणाऱ्या धोक्यांवर तो खर्च करा. दुसऱ्यावर चाललेल्या हल्ल्यात पडू नका, मदत मागितली तरी. अरेनावरच्या ब्रॉल या कमांडरसारख्या प्रकारात हा प्रश्न उरत नाही, तिथे दोघेच असतात. तिथे डेक जरा हलका आणि वेगवान करा, एक-दोन मानाचे काउंटर वाढवा, पाच-सहा मानाच्या वस्तू काढा.

सातवी पायरी: तिघांना एकत्र आणायचं असेल तर

यासाठी कमांडर प्लेनशिफ्टचा एर्ताई करा. पांढरा, निळा, काळा असे तिन्ही रंग खुले होतात आणि तिन्ही एर्ताई एका डेकमध्ये बसतात. इथे गरज आहे ती बळी द्यायच्या वस्तूंची. ‘ऑफिओमॅन्सर’ उत्तम: कोणाच्याही अपकीपला तुमच्याकडे साप नसेल तर एक साप मिळतो. दर पाळीला एक बळी, फुकटात. ‘बिटरब्लॉसम’ तुमच्या प्रत्येक पाळीला एक परी देतं, एका आयुष्याच्या बदल्यात, आणि गरज पडली तर ते स्वतः एन्चँटमेंट म्हणून बळी जातं. ‘रिअसेम्बलिंग स्केलेटन’ दोन मानात ग्रेव्हयार्डमधून परत येतो, कितीही वेळा.

‘हॅना, शिप्स नॅव्हिगेटर’ इथे ठेवलीच पाहिजे. ती बळी दिलेलं एन्चँटमेंट ग्रेव्हयार्डमधून हातात परत आणते. हॅना म्हणजे बॅरिनची मुलगी आणि वेदरलाइटची मार्गदर्शक.

पहिल्या एर्ताईसाठी ‘ट्रेनिंग ग्राउंड्स’ घाला. एका निळ्या मानाचं हे एन्चँटमेंट तुमच्या प्राण्यांच्या क्षमता दोन मानाने स्वस्त करतं. चार मानाचा काउंटर थेट दोन निळ्या मानावर येतो, म्हणजे दर पाळीला टेबलावर एक काउंटरस्पेल. नाजूक १/१ला ‘स्विफ्टफूट बूट्स’ घाला, हेक्सप्रूफ (समोरच्याला त्याला लक्ष्य करता येत नाही) आणि हेस्ट (पुढच्या पाळीपर्यंत थांबावं लागत नाही) दोन्ही मिळतात, त्यामुळे आल्या पाळीलाच टॅप करता येतं. करप्टेडला मात्र बूट घालायची घाई करू नका. तो ३/४ आहे, टिकतो, आणि फारच अडलं तर स्वतःचा बळी देऊन शेवटचा मंत्र मोडून कमांड झोनमध्ये परत जातो. पुढच्या वेळी त्याला दोन माना जास्त लागतील, तेवढी तयारी आधीपासून ठेवा.